आर्द्रेची पुरवणी

सानिका कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. रविवारी संध्याकाळी ती आईशी बोलायची. बोलणं संपत आलं की आई फोन वासुदेवरावांच्या हातात द्यायची. मग तब्येत, जेवणखाण, हवापाणी एवढं झालं की बापलेक दोघंही सुटल्यासारखी फोन ठेवायची. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी, भर सकाळी, छापखान्यात तिचं नाव फोनवर उमटलं तेव्हा वासुदेवरावांनी हातातलं काम टाकून तो लगेच उचलला.

"बाबा, घाबरण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला हे टीव्हीवरून कळायला नको, म्हणून मीच सांगते. आर्द्रा फुटणार आहे."

"कोण फुटणार आहे?"

"आर्द्रेचा तारा. मृगातला तांबडा. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात."

वासुदेवराव खुर्चीत बसले. समोर यंत्रावर पुढच्या वर्षाच्या पंचांगाचा शेवटचा फर्मा, एकत्र छापलेल्या पानांचा ताव, निघत होता. त्यांनी यंत्र चालवणाऱ्या महादेव साळोख्यांना हातानं थांबायची खूण केली.

कोल्हापूरचं आठल्ये पंचांग त्यांच्या पणजोबांनी सुरू केलं होतं. आजोबा पाटीवर गणित करत, वडील हातयंत्रावर, आणि गेली पंधरा वर्षं ते संगणकावर होत होतं. तो प्रोग्राम सानिकानं कॉलेजात असताना एका सुट्टीत बसून लिहिला होता. तिथी, नक्षत्र, योग, करण, ग्रहणं, सगळं बिनचूक निघायचं. पुढे गादी हीच चालवणार, असं वासुदेवरावांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. पण पोरगी भौतिकशास्त्राकडे गेली आणि शेवटी सातपुड्याच्या पोटात, डोंगराखाली खोदलेल्या एका प्रयोगशाळेत जाऊन बसली. "तारे बघायला माणूस गच्चीवर जातो. ही बोगद्यात गेली," असं ते कोणीही विचारलं की सांगत. थट्टेत सांगत, पण आतून त्यांना ते लागलेलं होतं.

"बोगद्यात बसून तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

सानिका सांगू लागली. तिच्या बोगद्यात द्रवानं भरलेली एक प्रचंड टाकी होती, आणि टाकीच्या भिंतींवर अंधारात टक लावून बसलेले हजारो संवेदक होते. न्यूट्रिनो नावाचे कण असतात. ते कशालाच अडत नाहीत, डोंगरातून, माणसातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात. कोट्यवधींतला एखादाच त्या द्रवात अडखळतो आणि बारीकशी चमक उठते. आर्द्रेसारख्या अवाढव्य म्हाताऱ्या ताऱ्याचं इंधन संपत आलं की त्याचा गाभा भयंकर तापतो आणि असे कण बाहेर फेकू लागतो. हा शेवटचा टप्पा काही दिवसांचाच असतो. मग गाभा एका क्षणात कोसळतो.

"म्हणजे हे कण उजेडापेक्षा जोरात पळतात?"

"नाही बाबा, उजेडापेक्षा जोरात काहीच पळत नाही. ते लवकर निघतात, एवढंच. गाभ्यात काय चाललंय त्याचा ताऱ्याच्या अंगावर अजून पत्ताच नाही. गाभा कोसळल्यावरसुद्धा तो धक्का फुगलेल्या अंगातून वर यायला एखादा दिवस जाईल, मग उजेड निघेल. कण मात्र थेट बाहेर पडतात. दिशा मृगाची आहे आणि जोर बघता आर्द्राच आहे. जगातल्या बाकीच्या टाक्यांनीही तेच पकडलंय. दुपारी जाहीर होईल."

"आपल्याला काही धोका?"

"काहीच नाही. फार लांब आहे तो. काही महिने अर्ध्या चंद्राएवढा उजेड पडेल, दिवसाही दिसेल. मग हळूहळू विझेल आणि पुन्हा कधी दिसणार नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. बाकी कोणाला त्या ताऱ्याचं एवढं असणार?"

दुपारी जाहीर झालं आणि संध्याकाळपर्यंत वासुदेवरावांचा फोन तापला. एका वाहिनीवर पिवळ्या उपरण्यातला एक गृहस्थ सांगत होता, आर्द्रेची देवता रुद्र, स्वामी राहू, तेव्हा आर्द्रा जन्मनक्षत्र असलेल्यांनी वर्षभर शुभकार्य करू नये. दुसऱ्या वाहिनीवरच्या बाईनं ते तीन वर्षांवर नेलं. लोक वासुदेवरावांना विचारत होते, आठल्ये पंचांगाचं मत काय. ते म्हणत, "बघून सांगतो," आणि फोन ठेवत. खरं तर काय बघायचं हेच त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महादेव कामावर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. महादेवांची मुलगी स्नेहल शहरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. गडहिंग्लजच्या चौगुल्यांच्या रणजितशी तिचं लग्न ठरलं होतं आणि दहा-बारा दिवसांवर आलं होतं. पत्रिका जुळवल्या होत्या खुद्द वासुदेवरावांनी. स्नेहलचं जन्मनक्षत्र आर्द्रा.

"अण्णा, चौगुले थांबूया म्हणतायत," महादेव म्हणाले. "मोडलं असं म्हणत न्हाईत. पण थांबूया म्हणजे काय ते मला कळतं."

"मुलगा काय म्हणतो?"

"तो स्नेहलशी रोज बोलतोय. पण बापापुढं त्याचं चालत न्हाई, आणि बापाचं आजीपुढं."

संध्याकाळी स्नेहल स्वतः वासुदेवरावांच्या घरी आली. त्यांच्या पत्नी उज्ज्वलाबाईंनी तिच्यापुढे लाडू ठेवला. तिनं तो हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"काका, माझ्या स्वभावावरून मोडलं असतं, शिक्षणावरून मोडलं असतं, तरी मी समजले असते," ती म्हणाली. "आभाळात काहीतरी फुटतंय, त्यात माझं काय चुकलं, एवढंच मला सांगा."

ती गेल्यावर उज्ज्वलाबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, सानिकाला विचारा की."

"मी?"

"मग काय मी विचारू? मला काय कळतंय त्यातलं?"

वासुदेवरावांनी लेकीला आपणहून फोन लावण्याची ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. सानिकानं पहिल्याच घंटेला उचलला.

"तू म्हणालीस फार लांब आहे. म्हणजे किती?"

"साडेपाचशे प्रकाशवर्षं म्हणतात, कोणी सातशे म्हणतं. त्या ताऱ्याचं अंतर मोजायला फार त्रासाचं आहे, भांडणं चालू असतात आमची. आता निकाल लागेल."

प्रकाशवर्ष म्हणजे काय ते वासुदेवरावांना ठाऊक होतं. शाळेत शिकले होते. पंचांगाच्या पहिल्या पानावरच्या 'विश्वाची ओळख' या मजकुरात दरवर्षी तो शब्द छापतही होते. पण छापलेला शब्द आणि स्नेहलचा चेहरा आज प्रथमच एकमेकांसमोर आले.

"म्हणजे सानिका," ते सावकाश म्हणाले, "तो तारा फुटणार नाहीये. फुटलेला आहे."

"साडेपाचशे वर्षांपूर्वी तरी. ती बातमी आत्ता पोचतेय. तुमच्या पणजोबांनी पहिलं पंचांग काढलं तेव्हाही तो नव्हता. शिवकाळातही नव्हता. सगळे त्याचा जुना उजेड बघत होते."

वासुदेवराव हसले. इतक्या मोकळेपणी, की उज्ज्वलाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"मी गडहिंग्लजला जाऊन हेच सांगतो," ते म्हणाले.

"सांगा. पण बाबा, ते पुढचा प्रश्न विचारतील."

"कोणता?"

"तारा असला काय आणि नसला काय, पत्रिकेत काहीच फरक पडला नाही, तर मग पत्रिका कशाची बघता?"

"हा प्रश्न तू मला पूर्वी विचारला होतास. प्रोग्राम लिहून झाला तेव्हा."

"हो. आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता."

"आई वाढवून सांगते. एकच दिवस. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून रागावलो होतो गं. उत्तर असतं तर कशाला रागावलो असतो?"

सानिका म्हणाली, "जाताना स्वेटर न्या. तिकडे गार असेल."

शनिवारी सातपुड्यातल्या टाकीत एकाएकी चमकांचा पाऊस पडला. गाभा कोसळला होता. रविवारी दिवस मावळताना अख्खं कोल्हापूर गच्च्यांवर आणि पंचगंगेच्या घाटावर उभं होतं. वासुदेवराव आणि उज्ज्वलाबाईही गच्चीत होते. पूर्वेकडे मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा आधी नेहमीसारखाच होता, मग नेहमीसारखा नव्हता. पाहता पाहता तो व्याधाहून, मग शुक्राहून तेजस्वी झाला. पुढच्या दोन दिवसांत तर त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे दिपू लागले, आणि माणसांच्या मागे सावल्या पडू लागल्या. कोणाला काही झालं नाही. कुत्री थोडी जास्त भुंकली, कावळे अवेळी ओरडले, आणि मुलं अंगणात क्रिकेट खेळत राहिली.

त्याच आठवड्यात वासुदेवराव महादेवांना घेऊन गडहिंग्लजला गेले.

चौगुल्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यावर रणजितचे वडील बाळासाहेब, रणजित आणि आजी आक्काताई बसले होते. आक्काताईंनी आल्या आल्या विषयाला हात घातला.

"शास्त्रीबुवा, पोरगी चांगली हाय. माझी तक्रार पोरीची न्हाई. पण जिच्या नक्षत्राचा ताराच मेला, तिला घरात कशी आणायची?"

"आक्काताई, सूर्य आत्ता खिडकीतून दिसतोय ना?" वासुदेवराव म्हणाले. "तो आत्ताचा नाही. त्याचा उजेड इथं यायला आठ मिनिटं लागतात. आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य बघतोय आपण. उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर पळतो, तरी एवढा वेळ लागतो. आणि तारे तर फारच लांब. व्याधाचा जो उजेड आज दिसतो, तो रणजित शाळेत होता तेव्हा निघालेला."

"बरं मग?"

"आर्द्रेचा उजेड निघाला त्याला साडेपाचशे वर्षं झाली. कदाचित जास्तच. म्हणजे तारा तेव्हाच गेला. आपल्याला आत्ता कळलं."

आक्काताईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे माझं लगीन झालं तवा?"

"तेव्हाही नव्हता."

"आणि माझ्या सासूचं झालं तवा?"

"तेव्हाही नाही. या घरात आजवर जेवढ्या सुना आल्या, त्यांतल्या कितीतरी आर्द्रेवर जन्मलेल्या असतील. सगळ्यांचा तारा मेलेलाच होता."

आक्काताई बोटांनी काहीतरी मोजत बसल्या. बाळासाहेब मात्र पुढे सरकले. ते साखर कारखान्यात हिशेब तपासनीस होते आणि गोष्ट अर्धी सोडणाऱ्यांतले नव्हते.

"पटलं," ते म्हणाले. "पण मग आम्हाला एक सांगा. तारा नसतानाही तुमच्या पंचांगात आर्द्रा होतीच. मग तुम्ही छत्तीसांतले अठ्ठावीस गुण जुळवलेत ते कशाचे?"

महादेवांनी खाली बघितलं. सानिकानं सांगितला होता तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत आला होता. सांगायला पुष्कळ होतं. नक्षत्र म्हणजे तारा नव्हे, आकाशाचा सत्ताविसावा भाग. तारा गेला तरी भाग राहतो. हे खरंही होतं आणि सोयीचंही. तेवढं सांगून ते अंग काढून घेऊ शकले असते.

"चंद्र कुठल्या दिवशी आकाशात कुठे असेल ते मी सांगू शकतो," ते म्हणाले. "शंभर वर्षांनंतरचंही सांगेन, आणि चुकणार नाही. ती विद्या आहे आणि ती मला येते. गुण जुळवणं ही घरात चालत आलेली रीत. वडील जुळवत, मी जुळवत आलो. लोक विचारत, मी सांगे. ते खरं आहे असं मला कधी दिसलं नाही, आणि मी कधी तपासलंही नाही. स्नेहलचं चांगलं होईल की नाही हे आर्द्रेला माहीत नाही, बाळासाहेब. मलाही नाही. तुम्हाला थोडंफार असेल, कारण ती तुमच्या घरात येणार आहे."

वासुदेवरावांना आपल्या तोंडून काय निघून गेलं ते हळूहळू कळत होतं. आठल्ये पंचांगाचा निम्मा खप गुणमेलनाच्या कोष्टकावर आणि राशिभविष्यावर होता.

रणजित पहिल्यांदाच बोलला. "पप्पा, मी स्नेहलशीच लग्न करणार आहे. तारीख तुम्ही ठरवा. पण ठरवा."

बाळासाहेबांनी आईकडे बघितलं. आक्काताई वासुदेवरावांकडे बघत होत्या.

"हा माणूस स्वतःच्या धंद्याच्या विरोधात बोलतोय," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायचं असतं तर धंद्याच्या बाजूनं बोलला असता. बाळू, मांडववाल्याला फोन कर. तारीख सोडली असंल तर परत घे म्हणावं."

रणजितच्या चुलतभावानं ते सगळं बोलणं फोनवर टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गावोगाव फिरलं. वासुदेवरावांना शिव्या आल्या, तशी पत्रंही आली. सोलापूरच्या एका जुन्या विक्रेत्यानं यंदा पंचांग नको म्हणून कळवलं. पुण्याच्या एका पंचांगकर्त्यानं वर्तमानपत्रात तिखट लेख लिहिला. वासुदेवरावांनी तो वाचला, नीट घडी घालून ठेवला आणि बांधणीला गेलेले गठ्ठे परत मागवले.

राशिभविष्याची पानं काढायला महादेव आणि बांधणीतल्या दोन बायका चार दिवस बसले होते. कोष्टक मात्र मुख्य फर्म्यात होतं, ते यंदापुरतं राहिलं. काढलेल्या पानांच्या जागी एक पुरवणी घालायची होती. ती वासुदेवरावांनी लिहिली आणि सानिकानं फोनवर तपासली. एका शब्दावरून दोघांचं तासभर वाजलं. त्यांनी लिहिलं होतं, 'आर्द्रेचा तारा लोप पावला.' ती म्हणाली, लोप पावला म्हणजे अजून कुठेतरी आहे असं वाटतं. ते म्हणाले, मेला लिहिणार नाही, पंचांगात मेला शोभत नाही. शेवटी छापलं ते असं:

'आर्द्रेचा योगतारा सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी संपला. त्याचा अखेरचा उजेड सरत्या वर्षाच्या माघात पृथ्वीवर पोचला आहे. तो काही महिने दिसेल. कोणीही भिऊ नये. शक्य असेल त्यानं मुलांना घेऊन बाहेर यावं आणि बघावं. आर्द्रा नक्षत्र चंद्राच्या वाटेवरचा टप्पा म्हणून पूर्वीप्रमाणेच मोजलं जाईल. गणित : सौ. उज्ज्वला व वासुदेव आठल्ये यांची कन्या सानिका.'

"आईचं नाव कशाला?" सानिकानं विचारलं.

"फोन कर म्हणून तीच म्हणाली होती," वासुदेवराव म्हणाले.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. सानिका आदल्या दिवशीच आली होती. गडहिंग्लजबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात मांडव होता. सूर्य खाली गेला, मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि पश्चिमेचा तांबडा उजेड ओसरताच वरून आर्द्रेचा पांढरा उजेड उतरला. कोणीतरी मांडवाबाहेरचे दिवे बंद करायला सांगितले. दिवे गेले तरी माणसं एकमेकांना दिसत होती. मांडवाच्या दारातल्या आंब्याच्या पानांची सावली जमिनीवर इतकी रेखीव पडली होती की पान न पान मोजावं.

"चंद्राची सावली अशी पडत नाही," सानिका वडिलांना म्हणाली. "चंद्राला रुंदी आहे, म्हणून कड मऊ होते. हा नुसता ठिपका आहे."

वासुदेवरावांनी वाकून ती सावली पाहिली. मग आपला हात तिच्यावर धरला, बोटं फाकवली, मिटली. सत्तरी ओलांडलेला माणूस भर लग्नात जमिनीवर बोटांच्या सावल्या पाडत उभा आहे, याची त्यांना काहीच लाज वाटली नाही. स्नेहल आणि रणजित पाया पडायला आले तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि तिला म्हणाले, "आता लाडू खा."

"खाते काका," ती हसून म्हणाली.

पंगतीत आक्काताईंनी वासुदेवरावांना मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. वाढपी जिलेबी घेऊन आला तरी त्या मान वर करून बघत होत्या. मृग, रोहिणी, व्याध, सगळे आर्द्रेच्या उजेडात फिकट दिसत होते.

"शास्त्रीबुवा, एक विचारू?"

"विचारा की."

"हा मेलेला एवढी वर्षं आपल्याला दिसत राहिला. मग हे बाकीचे? ह्यांतले कितीजण असेच गेलेले असतील? आपण उगाच बघत बसतोय, असं तर न्हाई?"

वासुदेवरावांनीही मान वर केली. आजवर कोणी आकाशाचं काही विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं सहसा झालं नव्हतं.

"मला माहीत नाही, आक्काताई," ते म्हणाले. "थांबा, लेकीला विचारून येतो."

ते पानावरून उठले. उष्ट्या हातानंच, लोकांच्या रांगांतून वाट काढत, पलीकडच्या पंगतीपाशी गेले. सानिका आईशेजारी बसून मसालेभात खात होती. त्यांनी वाकून तिला प्रश्न विचारला. तिनं घास गिळला आणि उत्तर दिलं. त्यांनी ते पुन्हा एकदा विचारून पक्कं करून घेतलं आणि परत आले.

"काय म्हणाली?" आक्काताईंनी विचारलं.

"म्हणाली, नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे अजून आहेत. ताऱ्यांचं आयुष्य लाखो, कोट्यवधी वर्षांचं असतं. त्यापुढे उजेडाला वाटेत लागतात ती हजार-पाचशे वर्षं म्हणजे काहीच नाही. एखादाच असा निघतो."

"म्हंजे हायत सगळे?"

"आहेत."

"मग बरं," आक्काताई म्हणाल्या, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी वासुदेवरावांच्या पानात दोन जिलेब्या वाढायला लावल्या.